ओझं उतरतं, जू चढतं

नृसिंहवाडीला माणूस नुसता दर्शनाला जात नाही. घरचं आजारपण, मनाला लागलेली टोचणी, चारचौघांत बोलता न येणारं दुःख घेऊन तो कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर येतो आणि दत्तपादुकांपुढे डोकं टेकतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारातून वाहू लागलं, की तिथे स्नानाला झुंबड उडते. मनावरचं देवावर टाकावं, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. मिरज-कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ख्रिस्ती शेजारीही तेच करतात. मात्र त्यांच्या श्रद्धेत त्याला एक वेगळी अट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना विसावा देऊ करतो आणि लगेच आपलं जू खांद्यावर घ्यायला सांगतो. ओझं उतरवल्यावर खांदा रिकामा राहत नाही, त्यावर दुसरं काम येतं. माझ्या मते या श्रद्धेतला सुटकेचा खरा अर्थ इथे आहे.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य याची साक्ष देतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचं कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडलं आणि दुष्काळात सापडलं. वडील, आई, थोरली बहीण अशी माणसं एकामागून एक गेली. मरणपंथाला लागलेल्या आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या दारात उभ्या राहिल्या, पण लाजेनं तोंडातून शब्द फुटेना. पुढे 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यानं मन हलकं झालं, असं म्हणून गोष्ट संपवणं सोपं आहे. स्वतः रमाबाईंनी तसं केलं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे जवळजवळ आठ वर्षांनी ध्यानात आलं, असं त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदवलं आहे. धर्म बदलल्यानं ओझं आपोआप उतरत नाही, ही कबुली धर्मांतर केलेल्या बाईनंच दिली आहे, म्हणून ती मोलाची. पुढे 1896च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या. केडगावची त्यांची संस्था, मुक्ती सदन, याच कामातून वाढली. भुकेची आठवण पुसली गेली नव्हती. तिला करण्याजोगं काम मिळालं होतं.

देवावर ओझं टाकणं ही मनाची फसवणूक आहे, दुःख दाबून वर प्रार्थनेचं झाकण घालणं आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही, काही मंडळींत असं घडतंही. पण बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं उघड तक्रारीची आहेत, आणि 88वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला दिलाशाचा शेवट नाही. देवाशी भांडायची मुभा देणाऱ्या प्रार्थनेला दडपणूक म्हणता येणार नाही. ही श्रद्धा शिकवते त्या क्षमेचंही तसंच. क्षमा करायची म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणायचं सोडायचं, असं नाही. रमाबाई बालविधवांच्या छळाविषयी कधीच गप्प बसल्या नाहीत.

दुसरा आक्षेप उपचारांचा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर केवळ प्रार्थनेवर सोडून देणं घातक आहे. याचं उत्तर नृसिंहवाडीपासून जवळच, मिरजेत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरीनं 1894 मध्ये तिथे रुग्णालय उभारलं. प्रार्थनेवर गाढ विश्वास असलेल्या माणसानं शस्त्रक्रियागृह बांधलं, कारण त्याला दोन्ही एकाच देवाची कामं वाटत होती.

मग दुःख संपतं का? 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा गेली. आईच्या पाठीशी मुक्ती सदन सांभाळणारी ती लेक होती. त्यानंतरही रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचं, अनेक वर्षं चाललेलं काम पुरं करत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा त्याची मुद्रितंही तपासून झाली होती.