दाराखालून आलेला वास

त्या दिवशी समुपदेशनात विषय होता ऑफिसातल्या चिडचिडीचा. बाहेर कुणीतरी फरशी पुसायला घेतली, फिनेलचा वास दाराखालून आत आला आणि माझं बोलणं अर्ध्यावरच तुटलं. तळहातांना घाम फुटला, छाती आवळली, मॅडमचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला. वडिलांच्या आजारपणात आयसीयूबाहेर काढलेल्या रात्री याच वासात गेल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं.

वासाचं असं होतं. दिसलेलं, ऐकलेलं मेंदूत थॅलॅमसमार्गे पुढे जातं. वासाला मात्र भीती आणि आठवणींशी निगडित अमिग्डला नि हिप्पोकॅम्पसकडे जवळची वाट आहे. विचार जागा होईपर्यंत शरीर घाबरून मोकळं झालेलं असतं.

मॅडमनी ‘काय आठवलं?’ असं लगेच विचारलं नाही, याचं मोल मला फार वाटतं. “दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. डोळे उघडेच राहू द्या. दिसणाऱ्या पाच वस्तू सांगा,” त्या म्हणाल्या. घड्याळ. कुंडी. निळी फाइल. पडदा. पुढे बराच वेळ काही सुचेना. मग टेबलावरचा पाण्याचा ग्लास दिसला. नंतर स्पर्शाच्या चार गोष्टी, तीन आवाज. या क्रमात पुढे दोन वास येतात. ती पायरी त्यांनी गाळली आणि उठून खिडकी उघडली. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायला सांगितलं.

डॅनियल सीगल यांनी १९९९ मध्ये ‘सहनशीलतेची खिडकी’ ही कल्पना मांडली. भावना त्या चौकटीत असेल तर माणूस ती अनुभवता अनुभवता विचारही करू शकतो; बाहेर गेली की नुसता धडधडतो किंवा बधिर होतो. अशा वेळी आठवण उकरून उपयोग नसतो, आधी माणूस खोलीत परत यावा लागतो. वडिलांविषयी आम्ही बोललो ते पुढच्या भेटीत, तेही थोडं थोडं.

त्या भेटीला जाऊच नये असं मात्र दोन दिवस वाटत होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर कृपा करून सत्र टाळू नका. “मागच्या वेळी मला त्रास झाला,” एवढंच सांगा आणि थांबण्यासाठी हाताची एक खूण ठरवून घ्या. मधल्या दिवसांत फार जड झालं, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर रात्रंदिवस, मोफत उपलब्ध आहे.