नि. डा. हा. अं.

आजोबांचा फोटो घरात एकही नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, आहेत ते चार कागद.

कोतवाल बुकाच्या उताऱ्यात मुलगा झाल्याची नोंद, नावाची जागा कोरी. जुन्या सातबाऱ्यावर मालक दुसरा, कसणारे म्हणून आजोबा. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालक मानले. आमच्याकडे मात्र जमीन आली नाही. ‘त्याला ती राखता आली नाही’ हे आम्ही लहानपणापासून ऐकले. वडील तर आजोबांचे नाव रागानेच घेत.

तिसरा कागद सुनावणीतल्या जबाबाची नक्कल. जमीन विकत घ्यावयाची नाही, राजीखुशीने सांगतो, असा मजकूर. खाली चार अक्षरे: नि. डा. हा. अं. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (राजीखुशी हा शब्द अशा कागदांत फार सापडतो.)

चौथा कागद सालाचा. त्याच रानात, त्याच मालकाकडे, सालगडी म्हणून. मोबदला ज्वारी, एक धोतरजोडी आणि वहाणा.

वडिलांना मी जबाब वाचून दाखवला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “दादांना हा कुणी वाचून दाखवला असेल का रे?”