बुधवारचा कट्टा

‘सपोर्ट ग्रुप’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “का रे, डोक्यावर परिणाम झालाय का?” दुसरा जरा बरा असतो: “तिथे डॉक्टर नसतो, मग उपयोग काय?” हा लेख दुसऱ्या प्रश्नासाठी.

१९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे दारूचे व्यसनी बोलत बसले. बॉब स्वतः सर्जन! दारूचे दुष्परिणाम त्याला कोणी शिकवायला नको होते. पण त्यातूनच गेलेला माणूस समोर बसून बोलतोय, हे नवीन होतं. या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली.

आमच्या हॉस्टेलवर आम्ही आठ-दहाजण दर बुधवारी रात्री असेच बसतो. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. इथलं बाहेर न्यायचं नाही. आणि सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम इंजिनिअरला जाम अवघड! कुणाची मॅथ्सची केटी लागली की चौघे लगेच टाइमटेबल आखायला तयार. त्याला टाइमटेबल नकोच असतं. बाबांनी कर्ज काढलंय, घरी काय सांगू, हे त्याला एकदा मोठ्याने म्हणायचं असतं. मग फायनल इयरचा एखादा शांतपणे म्हणतो, “माझ्या दोन होत्या.” बस्स. शहरात एका खोलीत चौघं राहतात, पण ‘सगळ्यांचं मस्त चाललंय, मीच मागे पडलोय’ असं प्रत्येकाला वाटत असतं. ते अशा वेळी जरा सैल होतं.

अर्थात हे उपचार नव्हेत. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, तर डॉक्टरच हवा. आणि कोणी “जगून काय उपयोग” म्हणाला, तर गुप्ततेचा नियम तिथेच संपतो. सरळ विचारायचं, “जीव द्यायचा विचार येतोय का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलता येतं. त्याला एकटं सोडायचं नाही, रेक्टरना उठवायचं, १४४१६ फिरवायचा. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी ‘टेली-मानस’ सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतही आहे. पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो.

आणि हो, आलं की बोललंच पाहिजे असं नाही. एकजण पहिले तीन बुधवार नुसता चहा पिऊन गेला. चौथ्या बुधवारी बोलला.