फाफनिर: जिवंतपणीच नाग झालेला माणूस

"धनावर नाग होऊन बसलाय नुसता!" हे वाक्य तुम्ही घरी कधीतरी ऐकलं असेल. एखाद्या चिकट नातेवाईकाबद्दल आजी असं म्हणते आणि मग गोष्टही सांगते. पैशात जीव अडकलेला माणूस मेला की पुढच्या जन्मी नाग होतो आणि आपणच पुरलेल्या हंड्याभोवती वेटोळं घालून बसतो. परदेशात वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर मात्र खजिन्यावरचा प्राणी म्हटलं की टॉल्किनच्या 'द हॉबिट'मधला स्मॉग येतो.

या स्मॉगच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे नॉर्स कथांमधला फाफनिर. त्याची गोष्ट वाचताना एक लक्षात ठेवा: तो ड्रॅगन म्हणून जन्मलाच नव्हता.

ही कथा आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः तेराव्या शतकातल्या आइसलंडमधून. स्नोरी स्टर्लुसनने १२२०च्या सुमारास रचलेला 'एडा', 'कोडेक्स रेगियस' या साधारण १२७०च्या हस्तलिखितातली जुनी काव्यं आणि 'वोल्सुंग सागा' ही गद्यकथा, हे तिचे मोठे आधार. तपशील थोडेफार बदलतात, सांगाडा तोच.

ह्रेइदमार नावाच्या माणसाला तीन मुलगे होते: फाफनिर, ओत्र आणि रेगिन. ओत्र पाणमांजराचं रूप घेऊन धबधब्यापाशी मासे पकडायचा. एके दिवशी ओदिन, हेनिर आणि लोकी हे तीन देव तिथून जात होते. लोकीने दगड मारून ते पाणमांजर ठार केलं. कातडं सोलून घेतलं आणि रात्रीच्या मुक्कामाला देव पोचले ते नेमके ह्रेइदमारच्याच घरी. बापाने मुलाचं कातडं ओळखलं.

आता त्या समाजाची रीत बघा. कुणाचा खून झाला की त्याच्या घरच्यांपुढे दोन वाटा असायच्या: सूड घ्यायचा किंवा भरपाई घ्यायची. ह्रेइदमारने भरपाई मागितली. कातडं आतून सोन्याने भरायचं आणि बाहेरूनही सोन्याने पूर्ण झाकायचं. लोकीने माशाच्या रूपात राहणाऱ्या आंद्वारी या बुटक्याला पकडलं आणि त्याचं सगळं सोनं काढून घेतलं, अंगठीसकट. हे धन ज्याच्याकडे जाईल त्याचा घात होईल, असा आंद्वारीने शाप दिला. इकडे सगळं सोनं रचून झालं तरी मिशीचा एक केस उघडा राहिला होता. तो झाकायला ओदिनला ती अंगठीही द्यावी लागली.

इथे जरा थांबा. हा खजिना म्हणजे नेमकं काय? एका मेलेल्या मुलाची किंमत. फाफनिर आणि रेगिनने भावाच्या भरपाईतला आपला वाटा मागितला, बापाने नाही म्हटलं. मग फाफनिरने झोपलेल्या बापाला तलवारीने मारलं. स्नोरीच्या कथनात तर या खुनात दोघेही भाऊ सामील आहेत. रेगिनला काहीच न देता फाफनिर सगळं सोनं घेऊन ग्निताहाइदी नावाच्या माळावर गेला आणि त्यावर पडून राहिला.

मग तो ड्रॅगन कसा झाला? कुणी मंत्र घातला म्हणून नव्हे. 'वोल्सुंग सागा'त रेगिन जे सांगतो त्याचा आशय असा: तो इतका दुष्ट झाला की त्या धनाचा उपभोग दुसऱ्या कुणालाच घेऊ देईना, आणि पुढे त्याचा भयंकर सर्प झाला. बस, एवढंच.

त्या काळच्या श्रोत्यांना याहून जास्त सांगायची गरजही नव्हती. त्यांच्या कवितेत चांगल्या राजाला 'कडी मोडणारा' म्हणायचे, कारण तो सोन्याची कडी मोडून आपल्या माणसांत वाटायचा. सोनं हातातून हातात जायला हवं, नाती त्यावर टिकायची. जो ते अडवून ठेवतो तो माणसांच्या जगातून बाहेर पडतो. आजीचा नाग मेल्यानंतर नाग होतो, फाफनिरला तेवढी वाटही पाहावी लागली नाही.

पुढचं कदाचित तुम्हाला माहीत असेल. लोहार झालेला रेगिन सिगुर्ड या तरुणाला ग्राम नावाची तलवार घडवून देतो. फाफनिर पाण्यावर जायच्या वाटेत सिगुर्ड खड्डा खणून लपतो आणि वरून सरपटत जाणाऱ्या सर्पाला खालून भोसकतो. मरता मरता फाफनिर त्याला बजावतो की हे सोनं तुझाही जीव घेईल. तसंच होतं. रेगिन मरतो, पुढे सिगुर्ड मरतो, त्याला मारवणारेही त्याच धनापायी मरतात आणि सोनं अखेर ऱ्हाइन नदीत जातं. एवढ्या मरणांनंतर त्यातलं कुणालाच काही मिळत नाही.

कधी स्वीडनला गेलात तर एस्किल्स्टूनाजवळ रामसुंडचा खडक बघा. साधारण १०३०च्या सुमाराला त्यावर ही सगळी गोष्ट कोरली आहे: खालून तलवार खुपसणारा सिगुर्ड, झाडावरचे पक्षी, मुंडकं तुटलेला रेगिन, पाणमांजर. फाफनिर तिथे पंख नसलेला, लांबलचक सर्प आहे. स्मॉगपेक्षा आजीच्या नागासारखाच जास्त दिसतो.

त्या सर्पाच्या अंगावर रून लिपीत मजकूर आहे. तो ड्रॅगनबद्दल नाहीच. ओर्मची मुलगी सिग्रिद हिने होल्मगेइर या आपल्या माणसाच्या आत्म्यासाठी पूल बांधला, असं तिथे लिहिलंय. गंमत म्हणजे 'ओर्म' या नावाचा अर्थच सर्प. तर या सर्पाच्या लेकीने आपलं धन अंगाखाली दाबून ठेवलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने तिने ते अशा ठिकाणी घातलं, जिथून येणारा-जाणारा कुणीही पलीकडे जाऊ शकेल.