बुद्धिबळात आधी काय शिकावे?

नंदगडात वडीलधाऱ्यांकडून देशी रीतीने बुद्धिबळ शिकलेला मुलगा बेळगावच्या स्पर्धेस गेला, की पहिल्याच चालींत अडखळतो. देशी डावात प्यादे एकेक घर चालते. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या चालीस ते दोन घरे जाऊ शकते. मग कोणता प्रारंभ आधी शिकावा?

प्रथम इटालियन. राजापुढील प्यादे दोन घरे, मग राजाकडील घोडा, तिसऱ्या चालीस उंट आणि लवकरच किल्लेकोट. येथे प्रत्येक चालीचे कारण उघड आहे. उंटाचा रोख ज्या प्याद्यावर असतो, त्याचा राखणदार एकटा राजाच. काळी मोहरी आली, तरी आरंभी राजापुढीलच प्यादे दोन घरे सारावे.

त्यानंतर स्पॅनिश. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूंनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात त्याचे विवेचन केले. यात उंट आणखी एक घर पुढे जाऊन प्याद्याच्या रक्षक घोड्यासच दटावतो.

ग्रंथ हाताशी नाहीत म्हणून खिन्न होऊ नये. पंजाबचे सुलतान खान देशी रीतीतच वाढले. त्यांचे प्रारंभांचे ज्ञान तोकडे होते. तरीही १९२९, १९३२ व १९३३ साली ते ब्रिटिश विजेते ठरले. मात्र ती उणीव त्यांना नेहमीच जाचली.

पालकहो, मुलाकडून दहा प्रारंभ घोकून घेऊ नका. एकाच प्रारंभातील प्रत्येक चालीचे कारण त्यास विचारा.