ओबेरॉनचे नवे घर

१९९२ साली निक्लाउस विर्थ आणि युर्ग गुटक्नेख्ट या दोन स्विस संगणकशास्त्रज्ञांचे ‘प्रोजेक्ट ओबेरॉन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंपायलर यांची रचना’ अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक होते. २०१३च्या सुधारित आवृत्तीत त्या उपशीर्षकाला एक शब्द जोडला गेला: संगणक. हा शब्द का वाढला, हे पाहताना एका जुन्या प्रश्नाशी आपली गाठ पडते. ज्या यंत्रासाठी प्रणाली लिहिली ते यंत्रच बाजारातून नाहीसे झाले, तर प्रणालीचे काय करायचे?

विर्थ हे पास्कल भाषेचे जनक. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत त्यांनी आणि गुटक्नेख्ट यांनी ओबेरॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि त्याच नावाची ऑपरेटिंग सिस्टीम सुमारे तीन वर्षांत उभी केली. नाव युरेनसच्या एका चंद्राचे. १९८६ साली व्हॉयेजर-२ त्या ग्रहाजवळून गेले होते. प्रणाली चालायची ती संस्थेतच बांधलेल्या ‘सेरेस’ या संगणकावर, आणि सेरेसमध्ये होता नॅशनल सेमिकंडक्टरचा ३२०३२ हा प्रोसेसर. एका माणसाला अथपासून इतिपर्यंत वाचून समजेल एवढीच प्रणाली मोठी असावी, असा दोघांचा आग्रह होता. पुस्तकात प्रोग्रॅमचा मजकूरही छापला होता तो त्यासाठीच. पुढे त्या जातीचे प्रोसेसर बाजारातून गेले. पुस्तक उरले, पण त्यातले यंत्र कुणाला मिळेना.

प्रोसेसर बदलला की नेमके काय अडते? प्रोसेसरला फक्त त्याच्या स्वतःच्या आज्ञा कळतात. आपण लिहिलेल्या भाषेतून त्या आज्ञा तयार करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. तेव्हा आधी कंपायलर नव्या प्रोसेसरच्या आज्ञा लिहायला शिकला पाहिजे. पण ओबेरॉनचा कंपायलर ओबेरॉन भाषेतच लिहिलेला आहे. दही लावायला विरजण हवे, तसे कंपायलर तयार करायला आधीचा कंपायलर हवा. म्हणून नवा कंपायलर प्रथम जुन्या यंत्रावर चालवतात. तो तिथे बसून नव्या यंत्राच्या आज्ञा तयार करतो. मग त्याच्याकडून त्याचाच मजकूर भाषांतरित करून घेतात आणि जे हाती येते ते नव्या यंत्रावर नेतात. तिथे त्याने स्वतःचे भाषांतर पुन्हा केले आणि ते अक्षर न् अक्षर पहिल्यासारखेच आले, तर बस्तान बसू लागले असे समजायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचे: एखादी चूक दोन्ही वेळा सारखीच होत असेल, तर ती या परीक्षेत पकडली जात नाही.

हा मजकूर वाचताना मला सर्वांत विचार करायला लावले ते जुन्या यंत्राच्या खुणांनी. ३२०३२ प्रोसेसरमध्ये एका मोड्यूलमधून दुसऱ्या मोड्यूलमधली कार्यपद्धती बोलावण्यासाठी खास आज्ञा होती. नव्या प्रोसेसरमध्ये तशी आज्ञा नाही. त्यामुळे हे काम कंपायलर आणि प्रोग्रॅम स्मृतीत आणून बसवणारा लोडर यांना आपसात वाटून घ्यावे लागले. याउलट, काही जागी जुन्या साधेपणाचा फायदा झाला. वापरात नसलेली स्मृती गोळा करण्याचे काम ओबेरॉनमध्ये दोन आज्ञांच्या मधल्या फटीत होते. त्या क्षणी कोणतेच काम अर्धवट राहिलेले नसते. म्हणून प्रोसेसरच्या अंतर्गत कप्प्यांत काय दडले आहे, याची चौकशी करावी लागत नाही. जिथे चौकशीच नाही, तिथे प्रोसेसर बदलला तरी फारसे बिघडत नाही.

कंपायलर न्यायचा कुठे, हा प्रश्न उरलाच होता. १९९९मध्ये निवृत्त झालेल्या विर्थ यांच्यासमोर प्रचलित प्रोसेसरांचा पर्याय होता. ओबेरॉन त्याआधीही इतरांनी वेगवेगळ्या यंत्रांवर नेले होते. पण आजच्या प्रोसेसरांच्या माहितीपुस्तिका हजारो पानांच्या. प्रणाली तीन हजार ओळींच्या कंपायलरसह समजून घ्यायची आणि तिच्याखालचे यंत्र मात्र डोळे मिटून मान्य करायचे, हे त्यांना रुचले नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतःचाच प्रोसेसर रचला: सोळा रजिस्टर, प्रत्येकी ३२ बिटांची, आणि मोजक्या आज्ञा. तो चालतो एफपीजीए या चिपवर. या चिपच्या आतल्या जोडण्या कारखान्यात कायमच्या ठरत नाहीत. लिहिलेल्या वर्णनानुसार त्या नंतर जुळवता येतात. म्हणजे प्रोसेसरही आता वाचता येणारा मजकूर झाला, आणि तो पुस्तकाचा भाग बनला. उपशीर्षकातला वाढीव शब्द आला तो इथून.

एवढे करून प्रश्न कायमचा सुटला का? नाही. ज्या तयार बोर्डावर विर्थ यांनी हे बसवले होते, त्याचेही उत्पादन बंद झाले. पण या वेळी हलवायचे होते ते थोडेच. प्रोसेसरचे वर्णन हाताशी असल्यामुळे कंपायलरला हात न लावता हौशी मंडळींनी ते दुसऱ्या बोर्डांवर उतरवले; बदल करावे लागले ते मुख्यतः स्मृतीशी आणि बाहेरच्या उपकरणांशी जोडणाऱ्या भागांत. कुणी त्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या साध्या लॅपटॉपवर मी ओबेरॉन चालवतो ते अशाच एका नकलेवर.

अशी प्रणाली आज रोजच्या कामाला पुरणार नाही. तरीही हे स्थलांतर मला मोलाचे वाटते. बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील नोंदी, मतदारयाद्या हे सारे आज अशा यंत्रांच्या हवाली आहे, की जी कुणा एकालाही पूर्ण समजत नाहीत. संगणक मुळापासून शेंड्यापर्यंत एका माणसाला समजू शकतो, याचा चालता पुरावा ओबेरॉनने जपला आहे. विर्थ १ जानेवारी २०२४ रोजी गेले. त्यांच्या यंत्राचा सगळा मजकूर मात्र पुढच्या स्थलांतरासाठी तयार आहे. कुणीतरी तो वाचायला बसले पाहिजे, एवढेच.