यौधेयांचे रान, सातवाहनांचे घाट

हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यांतून निघालेले ट्रक राष्ट्रीय महामार्ग 48 ला लागतात आणि जयपूर, अहमदाबाद करत मुंबईकडे उतरतात. नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेल्या मराठी माणसाला बाजूची अरवली सह्याद्रीपुढे किरकोळच वाटते. वयाने मात्र ती सह्याद्रीच्या कातळापेक्षा कितीतरी थोरली. कोट्यवधी वर्षांच्या झिजेने ती दिल्लीपाशी येईतो जमिनीला टेकली आहे. तिच्यापुढे पसरतो तो नद्यांनी आणलेल्या गाळाचा सपाट मुलूख, आणि इथल्या प्राचीन सत्तेचे रहस्य या सपाटीतच आहे.

1936 साली रोहतकच्या खोकराकोट टेकाडावर बिरबल साहनी गेले. हे साहनी पुरावनस्पतिशास्त्रज्ञ. जीवाश्म हा त्यांचा विषय. तिथे त्यांना भाजक्या मातीचे तुकडे सापडले. नीट पाहता ते नाणी ओतण्याचे साचे निघाले. चकत्या एकावर एक रचायच्या, मधल्या नळीतून वितळलेला धातू ओतायचा, की एका ओतणीत अनेक नाणी तयार. जीवाश्मांवरचे ठसे वाचायला सरावलेल्या नजरेने त्यांनी हे तंत्र उलगडले आणि 1945 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. साच्यांवर अक्षरे होती : यौधेयांची, बहुधान्यक प्रदेशातली. आपल्या नाण्यावर राजाऐवजी धान्याने भरलेल्या भूमीचे नाव घालणारे हे लोक मला फार मोलाचे वाटतात.

यौधेय हे गणराज्य होते. त्यांच्या पुढच्या काळातल्या नाण्यांवर भालाधारी कार्तिकेय आहे आणि जयघोष आहे तो गणाचा. या पट्ट्यात आणि लगतच्या राजस्थानात आर्जुनायन, मालव असे आणखीही गण नांदत होते. हा योगायोग नसावा. सपाट मुलखात तांड्याला एक वाट बंद झाली तर दुसरी मोकळी असते. नाके अडवून सगळी जकात एका घराण्याच्या खजिन्यात ओढावी, अशी जागाच इथे कमी.

सह्याद्रीवर नेमके उलटे घडले. कोकणातली बंदरे आणि देशावरची पेठ यांच्यामध्ये कड्यांची भिंत उभी. ती ओलांडायला नाणेघाट, बोरघाट, थळघाट अशा मोजक्या वाटा. घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात व्यापार. म्हणूनच जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या माथ्यावर, ऐन वाटेवर, सातवाहनांनी आपल्या घराण्याचे पुतळे कोरले आणि राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची, दिलेल्या गाईंची, कार्षापण नाण्यांची यादी खोदली. घाट चढून आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेस ते पडावे, ही योजना उघड आहे. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात.

या घाटांसाठी सातवाहन आणि गुजरातकडचे शक राज्यकर्ते क्षत्रप पिढ्यान्‌पिढ्या झगडले. इ.स.च्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतला सागरी मार्गदर्शक सांगतो की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात क्षत्रपांच्या भरुच बंदराला नेली जात. पैठणचा गोमेद आणि तेरचे कापडही गाड्यांवरून भरुचलाच जाई. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवले. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

संस्कृतीतला फरकही खडकाने ठरवला. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांथरांनी साचला. जाड, एकसंध थरात छतापासून खाली कोरत जाता येते, म्हणून कार्ले, जुन्नर, नाशिकची लेणी घाटवाटांच्या आसपास झाली. पैसा व्यापाऱ्यांचा, कारागिरांचा आणि राजघराण्यांचाही. कार्ल्याच्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे आहेत. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातल्या भिक्खूंसाठी विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याचे तिथेच लिहिले आहे. अरवलीचा क्वार्टझाइट कठीण आणि भेगाळ. त्यात अशी दालने निघत नाहीत. दिल्लीत श्रीनिवासपुरीच्या खडकावर अशोकाच्या आज्ञेची अक्षरे आहेत, मोठे लेणे नाही.

हे दोन प्रदेश एका दगडावर भेटतात. जुनागढच्या इ.स. 150 च्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामन अभिमानाने सांगतो की आपण यौधेयांना नमवले आणि दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा जिंकले. भरुचला उत्तरेचा आणि दख्खनचा, दोन्हीकडचा माल हवा होता, हे ध्यानात घेतले की त्याची ही दुहेरी मोहीम समजते.

मानेसर-गुरुग्राममध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी एखाद्या रविवारी झज्जरच्या गुरुकुलातले संग्रहालय अवश्य पाहावे. यौधेयांची नाणी तिथे जपलेली आहेत. मुलांनाही सोबत न्यावे.